कर्ण जुळले, कोपरा चुकला: एका तिरक्या प्लॉटवरच्या घराची आखणी

आखणी पूर्ण झाली होती. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या, खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोदाईचं यंत्र येणार होतं. मिस्त्रींनी माझ्यासमोर दोन्ही कर्ण मोजून दाखवले. एक १४.६० मीटर, दुसराही १४.६० मीटर.

"बघा मॅडम, घर पक्कं गुण्यात आहे."

गुण्यात म्हणजे काटकोनात, आणि ते अगदी खरं होतं. घर ९.६० मीटर रुंद आणि ११ मीटर खोल. ९.६० चा वर्ग ९२.१६, ११ चा १२१, बेरीज २१३.१६ आणि तिचं वर्गमूळ बरोबर १४.६०. पुढे दशांश लोंबकळत राहत नाहीत, अशी मापं क्वचितच मिळतात. कर्ण दोन्हीकडून तंतोतंत जुळल्यावर मिस्त्रींनी शंका घ्यावी असं काही उरलंच नव्हतं.

निघताना मात्र मागच्या उजव्या खुंटीपाशी माझे पाय थांबले. कुंपणाची भिंत तिथे जरा जास्तच जवळ दिसत होती. टेपचं शून्याचं टोक खुंटीवरच्या खिळ्याला लावलं आणि टेप ताणून धरून भिंतीवर डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवला. आकडा आधी कमी होत गेला, एका जागी थबकला आणि मग वाढायला लागला. जिथे थबकला तिथे ०.९२ मीटर होतं. बिंदूपासून रेषेचं लंब अंतर साइटवर मोजण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही: टेप फिरवायचा आणि सगळ्यांत लहान आकडा घ्यायचा.

नकाशात त्या बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यात सोडायची मोकळी जागा, १.५० मीटर लिहिलं होतं. ५८ सेंटिमीटर कमी पडत होते.

कर्ण जुळले म्हणजे घराचा आयत बरोबर आहे एवढंच सिद्ध होतं. तो आयत ज्या जमिनीवर बसायचाय तिच्या कोनांबद्दल कर्ण एक अक्षरही सांगत नाहीत. आखणीतल्या गोंधळांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं असं माझं मत आहे. घराचं गणित सगळे करतात, जमिनीचं गृहीत धरतात.

प्लॉट खरा कसा होता

नकाशा काढताना प्लॉट १४ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल असा सरळ आयत धरलेला होता. पुढची बाजू कुणीतरी मोजली होती, डावी बाजू मोजली होती. मागच्या बाजूला झुडपं माजली होती, त्यामुळे तिकडे टेप गेलाच नव्हता. पुढच्या उजव्या कोपऱ्यात कुंपणाचा जाडजूड खांब होता, म्हणून तिथे गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं दोन हातांचं साधन, लावून बघणंही जमलं नव्हतं. लावता आला असता, तर ६० सेंटिमीटरच्या हाताच्या टोकाशी साडेआठ सेंटिमीटरची फट दिसली असती आणि हे प्रकरण तिथेच संपलं असतं.

आम्ही झुडपं तोडून घेतली आणि चार बाजू अन् दोन कर्ण, अशी सहा मापं नव्याने घेतली. कोपऱ्यांना नावं देते. पुढचा डावा अ, पुढचा उजवा ब, मागचा उजवा क, मागचा डावा ड.

पहिल्याच मापाने दगा दिला. अ ते ड आमच्या टेपवर १८.०४ आलं, जुन्या कागदावर १८.०० होतं. दोन्ही बरोबर होते. जमीन मागे उतरत होती आणि आम्ही टेप जमिनीला टेकवून मोजत होतो. पाणनळी, म्हणजे दोन जागांची पातळी ताडून पाहायची पाणी भरलेली नळी, लावून पाहिलं तर अ पासून ड १.२० मीटरने खाली. मग १८.०४ हा झाला कर्ण, १.२० ही उभी बाजू आणि नकाशाला लागते ती आडवी बाजू १८.००. उताराचा कोन ३.८ अंश, त्याचा कोसाइन ०.९९७८. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या जमिनीवर हे चार सेंटिमीटर असे हरवतात. आधीच्या आखणीतही ११ मीटर जमिनीवरूनच मोजले होते, म्हणजे घर आडव्या मापात २.४ सेंटिमीटर आखूड पडलं होतं. त्यानंतरची सगळी मापं टेप आडवा ताणून, टोकाला ओळंबा सोडून, तीन-तीन मीटरच्या टप्प्यांनी घेतली.

आडवी मापं अशी आली: अब १४.००, अड १८.००, बक १८.२०, कर्ण बड २२.८०, कर्ण अक २१.३६. कड मी मुद्दाम मोजायचा ठेवला.

तीन बाजू माहीत असल्या की त्रिकोणाचा कोन कोसाइनच्या नियमाने निघतो. कोनाला लागून असलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करायची, समोरच्या बाजूचा वर्ग वजा करायचा आणि लागून असलेल्या बाजूंच्या दुप्पट गुणाकाराने भागायचं. कोन काटकोन असेल तर वरची वजाबाकी शून्य येते, म्हणजे हा पायथागोरसचाच नियम, जरा ऐसपैस मांडलेला.

अ कोपऱ्याशी: १९६ + ३२४ − ५१९.८४ = ०.१६. त्याला ५०४ ने भागलं की ०.०००३. हा काटकोनच.

ब कोपऱ्याशी: १९६ + ३३१.२४ − ४५६.२५ = ७०.९९. त्याला ५०९.६ ने भागलं की ०.१३९३. म्हणजे ब चा कोन ८२ अंश. उजवी हद्द सरळ मागे न जाता ८ अंशांनी आत कलत होती.

इथे एक अडखळ झाली ती सांगायलाच हवी, कारण ती अनेकांची होते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने कोनासाठी १.४३१ असा आकडा दाखवला. माझ्या सोबतचा शिकाऊ मुलगा गोंधळला, "दीड अंशसुद्धा नाही?" कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. अंशांवर केला आणि ८१.९९ आलं. गणिताला बसण्याआधी ३० अंशांचा साइन काढून पाहावा. ०.५ आला तर पुढे जायचं, नाहीतर आधी सेटिंग बदलायचं.

आता राखून ठेवलेला कड. कोन ८२ अंश खरा असेल, तर क हा कोपरा १८.२० × ०.१३९२ = २.५३ मीटरने आत यायला हवा आणि मागची बाजू १४.०० − २.५३ = ११.४७ भरायला हवी. टेप लावला. ११.४७. हे शेवटचं माप गणितात वापरलंच नव्हतं, म्हणून त्याची साक्ष मोलाची. हातातली सगळीच मापं समीकरणात घातली तर उत्तर तपासायला काही शिल्लक राहत नाही.

दोरी आणि कोन यांचं नातं फार जुनं आहे. शुल्बसूत्रांतला शुल्ब म्हणजे दोरी, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम आलेला आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पावणेचार-पावणेचार अंशांच्या टप्प्याने २४ ज्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत साइनचे, फरक देऊन ठेवले. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. शाळेत साइन-कोसाइन कागदावर भेटतात, म्हणून ते दोरीपासून तुटल्यासारखे वाटतात. साइटवर ते पुन्हा दोरीपाशी येतात.

८ अंश म्हणजे किती

मालकांना ८ अंश सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मिस्त्रींच्याही नाही. तो आकडा खरोखरच बोलत नाही. मग मी म्हटलं, "मागे जाताना दर मीटरला हद्द १४ सेंटिमीटर आत येते." मिस्त्री लगेच म्हणाले, "म्हणजे १४ मीटरला दोन मीटर गेले की!" त्यांचं तोंडी उत्तर १.९६, माझं कॅल्क्युलेटरवरचं १.९७.

८ अंशांचा टॅन ०.१४०५. कोन अंशांत सांगण्याऐवजी मीटरला किती सेंटिमीटर असा सांगितला की साइटवरचा प्रत्येक माणूस त्यावर गणित करू शकतो. त्रिकोणमितीतली एकच गोष्ट सगळ्यांना शिकवायची असेल तर मी टॅन शिकवीन, आणि याच भाषेत शिकवीन.

त्याच ८ अंशांची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. घराच्या मागच्या भिंतीच्या रेषेत कुंपणापर्यंत मोजलं तर ०.९३ मीटर भरत होतं आणि टेप फिरवून घेतलेलं लंब अंतर ०.९२. फरक एका सेंटिमीटरचा, कारण ८ अंशांचा कोसाइन ०.९९० आहे. कोन लहान असताना तिरकं मोजलं की लंब मोजलं, याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लांबीबरोबर साचत जाणाऱ्या टॅनमुळे. ही गोष्ट जिन्यापाशी पुन्हा येईल आणि तिथे ती उलटी वागेल.

कोनावर विश्वास किती ठेवायचा हेही तपासलं. अक हा कर्ण मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली असेल तर ब चा कोन ०.०५ अंशाने हलतो आणि १४ मीटर आत हद्दीची जागा सव्वा सेंटिमीटरने सरकते. तोच कोन ६० सेंटिमीटरच्या गुण्याने मोजला असता आणि टोकाशी दोन मिलिमीटर चुकले असते, तर १४ मीटरवर पावणेपाच सेंटिमीटरची चूक झाली असती. कोन कोनमापकाने किंवा गुण्याने न काढता लांबच लांब बाजूंवरून काढायचा, याचं कारण हे. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, मिळत असेल तर जरूर आणावं, ते हेच काम काही मिनिटांत करतं. आमच्याकडे त्या दिवशी टेप, दोरी आणि पाणनळी होती, आणि तेवढ्याने काम भागलं.

घराचं काय करायचं

मालकांचा पहिला प्रश्न होता, "घर जरासं फिरवून नाही का बसवता येणार?" प्रश्न योग्य होता. दोन-चार अंश फिरवलं तर तिरकेपणा दोन्ही बाजूंना वाटला जाईल, असं कुणालाही वाटेल. पण घराची मागची भिंत रस्त्यापासून १४ मीटरवर येत होती. तिथे प्लॉटची एकूण रुंदीच १४ − १.९७ = १२.०३ मीटर. आणि लागत होती १.५० + ९.६० + १.५० = १२.६० मीटर. तूट रुंदीतच आहे. घर फिरवलं तर मागचा डावा कोपरा कुंपणाकडे जातो, तो सांभाळायला सगळं घर उजवीकडे ढकलावं लागतं आणि गाडी पुन्हा तिथेच येते. वर समोरची भिंत रस्त्याला तिरकी होते ते वेगळं. पुढे सरकायला वाव नव्हता, समोरचे तीन मीटर नकाशात पक्के होते.

दुसरा पर्याय उजवी भिंतच हद्दीला समांतर, म्हणजे तिरकी बांधण्याचा. जागा सगळ्यांत जास्त वाचते ती यातच. मी तो सुचवला नाही. तिरक्या भिंतीच्या खोलीत ६० सेंटिमीटरच्या फरशीची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ८.४ सेंटिमीटर आखूड कापावी लागते, कपाटाच्या मागे पाचरीसारखी फट राहते, पलंग कुठल्या भिंतीला लावायचा हा प्रश्न रोजचा होतो. भिंत बांधून माणसं निघून जातात, तिरक्या कोपऱ्याशी जुळवून घेत राहायचं घरातल्यांना असतं.

तिसरा पर्याय आम्ही घेतला: घराच्या उजव्या बाजूला एक पायरी द्यायची. पुढचा भाग पूर्ण रुंदीचा, मागचा थोडा अरुंद, सगळे कोपरे काटकोनात.

आता पायरी कुठे आणि केवढी, हे ठरवायला हद्दीचं एक वाक्य पुरतं. रस्त्यापासून जितके मीटर आत, तितक्याला ०.१४०५ ने गुणायचं आणि १४ मधून वजा करायचं, की डाव्या कुंपणापासून उजवी हद्द किती दूर ते मिळतं. लंब अंतर १.५० हवं असेल तर रुंदीच्या दिशेने १.५० ÷ ०.९९० = १.५१५ सोडावं लागतं.

पुढच्या भागाची उजवी भिंत डाव्या कुंपणापासून १.५० + ९.६० = ११.१० वर. म्हणजे १४ − ०.१४०५ × आतलं अंतर हे किमान १२.६१५ भरायला हवं. त्यातून आतलं अंतर जास्तीत जास्त ९.८६ मीटर निघतं. पूर्ण रुंदीचं घर एवढंच आत जाऊ शकतं. मागच्या भिंतीपाशी, १४ मीटरवर, उजवी भिंत जास्तीत जास्त १०.५१७ वर येऊ शकते, म्हणजे मागच्या भागाची रुंदी ९.०१७.

मिस्त्री म्हणाले, "मग ९.८५ ला वळवू आणि मागे ९ मीटर ठेवू." गणिताने ते बसत होतं. पण ९ मीटर ठेवले तर मागच्या कोपऱ्यात मोकळीक उरते पावणेदोन सेंटिमीटर, आणि आमचं कोनाचं माप त्याच जागी सव्वा सेंटिमीटर इकडेतिकडे असू शकतं. शिवाय कुंपणाची भिंत म्हणजे आखलेली रेघ नाही, तिलाही पोट असतं. म्हणून पायरी ९.६० मीटरवर घेतली आणि मागची रुंदी ८.९५ केली. तिथे लंब अंतर अनुक्रमे १.५३६ आणि १.५६७ येत होतं. मापं सगळी गिलावा धरून बाहेरच्या पृष्ठभागाची होती. हे आधीच विचारून घेतलं, कारण दोन सेंटिमीटरचा गिलावा मागाहून आठवला असता तर पुन्हा सगळं मोडावं लागलं असतं.

६५ सेंटिमीटरची पायरी, ४.४० मीटर लांब. २.८६ चौरस मीटर जागा गेली. मालकांना ती टोचली हे मला दिसत होतं. पण चुन्याची रेघ पुसायला झाडू पुरतो आणि पाया उकरायला महिना जातो, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बदललेला नकाशा रीतसर मंजूर झाल्यावरच पुढचं काम सुरू केलं.

दुसरी आखणी

डावं कुंपण आणि पुढची रेषा काटकोनात आहेत हे सिद्ध झालेलं होतं, म्हणून सगळी मापं त्या दोघांपासूनच घेतली. उजव्या कुंपणापासून एकही माप घ्यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

काटकोनासाठी मिस्त्री नेहमी ३-४-५ वापरतात. मी ६-८-१० वापरायला सांगितलं. त्यांना वाटलं दोन्ही सारखेच, आणि कागदावर ते सारखेच आहेत. पण ५ मीटरच्या मापात एक सेंटिमीटर चुकला तर कोन ०.२४ अंशाने बिघडतो आणि ११ मीटरवर कोपरा साडेचार सेंटिमीटर सरकतो. १० मीटरच्या मापात तोच एक सेंटिमीटर चुकला तर बिघाड निम्मा. हाताची चूक तेवढीच राहते, त्रिकोण मोठा केला की तिचं वजन घटतं.

मग कर्ण. घर आता आयत नव्हतं, त्यामुळे नुसते दोन कर्ण सारखे आले की झालं, असं म्हणता येत नव्हतं. प्रत्येक कर्ण किती यायला हवा ते आधी काढून एका पुठ्ठ्यावर लिहिलं. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून पायरीच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत ११.६५. पुढच्या डाव्यापासूनच मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत १४.१८. मागच्या डाव्यापासून पायरीच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत १०.५६. आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत तोच जुना १४.६०, कारण नकाशात ते दोन कोपरे जागचे हललेच नव्हते.

कर्णाची तपासणी इतकी तीक्ष्ण का, हेही आकड्यांत पाहण्यासारखं आहे. मूळच्या ९.६० × ११ च्या आयतात एक कोपरा ९० ऐवजी ८९ अंशांचा झाला, तर एक कर्ण १४.४७ होतो आणि दुसरा १४.७३. एका अंशाला तब्बल २५ सेंटिमीटरचा फरक. म्हणून कर्णांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आला तरी तो कोनाच्या हिशेबात नगण्य असतो. त्यासाठी खुंट्या तासभर हलवत बसू नये.

आमचे चारही कर्ण चार मिलिमीटरच्या आत आले. शेवटी टेप पुन्हा त्याच मागच्या खुंटीच्या खिळ्याला लावून कुंपणावर फिरवला. यावेळी टेप मिस्त्रींच्या हातात होता. आकडा १.५७ वर थबकला.

जिना

रुंदीतले ६५ सेंटिमीटर ज्या खोलीतून गेले तीच जिन्याची होती. जिना रुंदीच्या दिशेने चढत होता. आता तो तिथे मावेना, म्हणून घराच्या पुढून मागे जाणाऱ्या दिशेने फिरवला. बाहेरची आणि आतली भिंत वजा जाता ४.०२ मीटर मोकळे मिळत होते. मजल्याची उंची ३.०६ मीटर, १७ सेंटिमीटरचे १८ चढ, दोन फेऱ्यांत नऊ-नऊ. नऊ चढांना आठ पावठ्या, म्हणजे पाय ठेवायच्या आडव्या जागा. जुन्या २८ सेंटिमीटरच्या पावठीने दोन्ही टोकांना ८९ सेंटिमीटर उरत होते आणि जिन्याची रुंदी होती ९५. वळणाची जागा जिन्याच्या रुंदीपेक्षा कमी ठेवणं मला पटत नाही. पावठी २६ केली, टोकांना ९७-९७ मिळाले. दुप्पट चढ अधिक पावठी ही बेरीज ६० सेंटिमीटर झाली, म्हणजे पावलाच्या बेतात राहिली.

उताराचा कोन ३१.३ वरून ३३.२ अंश झाला. दोन अंश फार वाटत नाहीत आणि चढताना फारसे जाणवतही नाहीत. घोळ झाला तो सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा बांधायच्या वेळी. जिन्याच्या तिरक्या स्लॅबची जाडी १५ सेंटिमीटर द्यायची होती. सेंटरिंगवाल्याने पायरीच्या आतल्या कोपऱ्यापासून ओळंबा सोडून सरळ खाली १५ सेंटिमीटरवर खूण केली आणि तिथून फळ्यांची रेघ आखली.

जाडी म्हणजे उताराला लंब माप. ओळंब्यातलं माप तिरकं पडतं. ३३.२ अंशांचा कोसाइन ०.८३७. सरळ खाली १५ मोजले तर खरी जाडी मिळते १२.६ सेंटिमीटर. १५ हवे असतील तर ओळंब्यात १५ ÷ ०.८३७ = १७.९ सेंटिमीटर मोजावे लागतात.

कुंपणापाशी हीच चूक एका सेंटिमीटरची होती, कारण तिथे कोन ८ अंशांचा होता. इथे तिने स्लॅबची एक षष्ठांश जाडी खाल्ली असती. कोसाइन सुरुवातीला जवळजवळ हलत नाही आणि पुढे भराभर उतरतो. कुंपणाशी ज्या सवयीने काहीच बिघडलं नाही, त्याच सवयीने जिन्यात स्लॅब कमजोर झाला असता. म्हणून कोन लहान असो की मोठा, लंब अंतर लंबच मोजायचं ही शिस्त मी सोडत नाही. सेंटरिंगवाल्याला कोसाइन सांगण्याची गरज पडली नाही. गुण्याचा एक हात उताराच्या रेषेवर टेकवायचा आणि दुसऱ्या हातावर १५ मोजायचे, एवढं दाखवलं. त्याने फळ्या खाली घेतल्या. सळ्या बांधायच्या आधी मी दोन्ही मापं घेतली: गुण्याने १५, ओळंब्यात १८ ला जरासे कमी.

कुंपणालगतची फरशी

घर उभं राहिलं, गिलावा झाला. उजव्या बाजूला घर आणि कुंपण यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची मोकळी पट्टी राहिली. समोर २.४५ मीटर, पायरीपाशी १.५४. तिथे बाहेरची खडबडीत फरशी टाकायची होती, तीही ६० सेंटिमीटरची. फरशीवाल्याने पहिली ओळ टाकली, दुसऱ्या ओळीचा कापायचा तुकडा मोजला, तिसऱ्या ओळीसाठी पुन्हा गुडघ्यावर बसून टेप काढला.

मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून कुंपणाच्या गिलाव्यावर ओळीने आकडे लिहिले, प्रत्येक आधीच्यापेक्षा ८.४ ने कमी. "सगळे तुकडे एकदमच कापून घे," ते म्हणाले, "सात ओळी झाल्या की एक फरशी कमी लागेल."